सणासुदीला घर बंद करून निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत. हरतालिकेच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांतले निम्मे बंद झालेले असतात. कुणी कणकवलीला, कुणी गुहागरला, कुणी थेट पेडण्याला. दिवाळीत पुन्हा तेच, आणि मे महिन्यात तर लिफ्टसुद्धा दुपारभर तळमजल्यावर उभी असते. मी सोसायटीची सेक्रेटरी. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कुलूप घेऊन, रिक्षा खाली थांबवून, लोक मला जे विचारतात ते प्रश्न इथे लिहून काढले आहेत. यंदा जरा आधी वाचा म्हणजे झालं.

दाराला भारीतलं कुलूप घेतलंय. तेवढं पुरेल ना?

कुलूप भारी आहे, पण ते ज्या कोयंड्यात अडकवलंय त्याचं काय? घरफोडीची कुठलीही बातमी वाचा, 'कडी-कोयंडा उचकटून' हेच शब्द सापडतील. कुलूप कापायला वेळ लागतो, आवाजही होतो. कोयंड्यामागे कटावणी सरकवून झटका दिला की तो स्क्रूंसकट हातात येतो, आणि तुमचं हजार रुपयांचं कुलूप त्याला तसंच लोंबत राहतं, न उघडलेलं.

मागे दाराला रंग काढला तेव्हा सुताराने आमचा कोयंडा उतरवून दाखवला. चार स्क्रू, प्रत्येक जेमतेम करंगळीच्या पेराएवढा. त्यातला एक जागच्या जागी गोल फिरत होता, कारण भोकातल्या लाकडाचा केव्हाच भुसा झाला होता. अठरा वर्षं त्या चार स्क्रूंच्या भरवशावर आम्ही कोकणात जाऊन येत होतो! सुताराने त्या जागी आरपार नट-बोल्ट बसवले, नट आतल्या बाजूला, आणि चौकटीतल्या पट्टीला दोन इंची स्क्रू मारले. अर्ध्या तासाचं काम. नवं कुलूप आणण्याआधी हे करून घ्या. जमत असेल तर बाहेर लोंबणाऱ्या कुलपाऐवजी दारातच बसवलेलं कुलूप घ्या. लोंबणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

आमच्याकडे नाइट लॅच आहे, दार ओढलं की लागतं.

ओढल्यावर लागते ती लॅचची तिरकी जीभ. ती स्प्रिंगवर असते, त्यामुळे दाराच्या फटीतून पातळ पट्टी सरकवली तर मागे जाऊ शकते. बऱ्याच लॅचना बाहेरून चावी आणखी फिरवून डबल लॉक करायची सोय असते, आणि गडबडीत नेमकं तेच राहतं. चावी फिरवा, दार खांद्याने ढकलून पाहा, मग लिफ्टकडे वळा.

एक फेरी बाथरूमच्या खिडकीकडेही मारा. तिथल्या काचेच्या पट्ट्या नुसत्या खाचेत सरकवलेल्या असतात, आणि शेजारून ड्रेनेजचा पाइप वर चढलेला असतो. पहिल्या मजल्याला आणि गच्चीखालच्या मजल्याला हा धोका जास्त. त्या खिडकीला ग्रिल हवंच.

चावी कुणाकडे द्यावी?

शेजाऱ्यांकडे. शू-रॅकमधल्या जुन्या बुटात, तुळशीच्या कुंडीखाली किंवा मीटर बॉक्सवर ठेवू नका. या जागा तुम्हाला सुचल्या तशा सगळ्यांनाच सुचतात. त्यात आणखी एक मेख आहे. घरफोडीच्या विम्यात साधारणपणे चोर जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात. कुंडीखालच्या चावीने कुणी आत गेलं, तर दाखवायला उचकटलेला कोयंडाही नसतो.

चावीला फ्लॅट नंबरचं लेबल अडकवू नका. आणि ज्यांना चावी देताय ते स्वतः घरी असणार आहेत ना, हे विचारून घ्या. हसू नका. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी एका गणपतीत एकमेकांकडे चाव्या दिल्या, आणि दोन्ही घरं एकाच तुतारी एक्सप्रेसने रत्नागिरीला गेली.

घरात कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून दिवा चालू ठेवून जाऊ का?

आठ दिवस रात्रंदिवस जळणारा दिवा घर बंद असल्याचंच सांगतो. दिवाळीत हे फार दिसतं: गॅलरीतला आकाशकंदील सकाळी अकरालाही पेटलेला. टायमरवाला प्लग मिळतो. स्मार्ट प्लग असेल तर गावाहून फोनवरही दिवा लावता-विझवता येतो. संध्याकाळी सातला लागणारा आणि अकराला विझणारा दिवा उपयोगाचा. ते जमत नसेल तर दिवा नकोच.

दिव्यापेक्षा दार जास्त बोलतं. दसऱ्याला बांधलेलं झेंडूचं तोरण वसुबारसेलाही काळं पडून लोंबतंय, कडीत केबलवाल्याची आणि पिझ्झाची पत्रकं अडकलीत, बाहेरच्या पिशवीत पेपर साठलेत. आतले लोक कधी गेले हे त्या पेपरांच्या तारखांवरून कुणीही सांगेल. म्हणून निघण्याआधी तोरण उतरवा. दूध आणि पेपर बंद करायचा निरोप आदल्या दिवशीच द्या. मागवलेली पार्सलं परतल्यानंतरच्या तारखेला येतील असं बघा. एक जुनी चपलांची जोडी दाराबाहेर राहू द्या. शेजारी चांगले असतील तर दारातले कागद उचलायला सांगा. आमच्या मजल्यावरच्या काकू स्वतःच्या दारात रांगोळी काढताना बंद घरापुढेही चार ठिपके टाकतात, न सांगता. दारावर लावायचं इतकं स्वस्त यंत्र मला अजून दुकानात दिसलेलं नाही.

घर बंद आहे हे शेजारी, वॉचमन आणि सोसायटीचं ऑफिस यांना नीट तारखांसकट माहीत हवं. जवळच्या पोलीस चौकीत सांगून जायलाही हरकत नाही, मोठ्या सुट्ट्यांआधी पोलीसच तसं आवाहन करतात. बाकी कुणाला कळायची गरज नसते. आपण नेमकं उलट करतो: शेजाऱ्यांना सांगायला संकोच वाटतो आणि स्टेटसवर चारशे लोकांना कळवतो.

म्हणजे फोटो टाकायचेच नाहीत का?

टाका की, परत आल्यावर टाका. मोदक तेव्हाही तितकेच सुंदर दिसतील.

दागिने घरात कुठे लपवावेत?

कुठेच नाही. तांदळाचा डबा, देव्हाऱ्याचा खण, साड्यांच्या घड्या, गादीखालची फळी या जागा चोरांच्या पाठ असतात. आणि लोखंडी कपाटाला कुलूप लावून त्याची किल्ली कपाटावरच ठेवणं हा तर आपल्या घराघरांतला कुलाचार आहे. गौरीच्या सणाला घालून मिरवायला लागेल तेवढं बरोबर न्या, बाकीचं लॉकरमध्ये ठेवा.

लॉकर म्हणजे विमा असं मात्र समजू नका. आत काय आहे याची बँकेकडे यादी नसते. रिझर्व्ह बँकेचे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले नियम असे आहेत की आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. भाडं ३,००० रुपये असेल तर ३ लाख. आत पाच तोळे असोत की पन्नास. भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तेवढीही नाही. तरी कपाटापेक्षा लॉकर कितीतरी बरा.

एक काम मात्र आजच संध्याकाळी करा. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा आणि बिलाचाही. नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. आजीच्या पुतळ्यांच्या माळेला बिल कुठलं असणार. ती सोनाराच्या काट्यावर ठेवून वजनाच्या आकड्यासकट फोटो घ्या. फिर्याद लिहिताना पहिला प्रश्न 'किती तोळे?' असा येतो, आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसतात. पुढे चोर सापडला तर मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो, आणि ही बांगडी माझीच हे तिथे दाखवता यावं लागतं.

घराचा विमा आहे. चोरीचे पैसे मिळतील ना?

आधी पॉलिसीत 'घरफोडी' हा शब्द आहे का ते शोधा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देतात. ती मुख्यतः आग, पूर, भूकंप, वादळ यांसाठी. घरातलं सामान त्यात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांपर्यंत, आपोआप धरलेलं असतं. चोरीची भरपाई मात्र अशा एखाद्या आपत्तीनंतर ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीचीच. तुम्ही गावी असताना कुणी कोयंडा उचकटला तर त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. ते घेताना दागिन्यांची मर्यादा किती आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर चालतं, ही दोन कलमं वाचल्याशिवाय सही करू नका. मुलाकडे अमेरिकेला तीन-चार महिने जाणाऱ्या आजी-आजोबांनी तर दुसरं कलम दोनदा वाचावं.

कॅमेरा बसवला तर?

बसवा, पण कोयंडा पक्का केल्यावर. कॅमेरा चोर ओळखायला उपयोगी पडतो, दार धरून ठेवत नाही. निघताना मेन स्विच पाडला की वायफाय बंद आणि त्याबरोबर कॅमेराही. हे दर सुट्टीत कुणाचं ना कुणाचं होतं. कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड बदला. कॅमेऱ्याचं तोंड समोरच्यांच्या दारात नको, त्यावरून सोसायटीत होणारी भांडणं मी मिटवून थकले आहे.

सोसायटीच्या कॅमेऱ्यांबद्दल कमिटीला दोन गोष्टी विचारा: रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसलं जातं, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का. आमच्याकडून सायकल गेली तेव्हा कळलं की आमचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. अर्धा दिवस आम्ही भलत्याच वेळचं रेकॉर्डिंग बघत होतो.

आमचं घर उघडं, समोरचं बंद. आम्ही काय करायचं?

तुमच्या दाराला बाहेरून कडी आहे का पाहा. बंद घर फोडण्याआधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावायच्या, म्हणजे आवाजाने जाग आली तरी कुणी बाहेर येऊ शकत नाही, ही जुनी पद्धत आहे आणि अजून चालते. फ्लॅटला बाहेरची कडी लागत नसेल तर काढून टाका. आगीच्या वेळी तर ती कडी जिवावर बेतू शकते. रात्री कुठल्या घरात ठोकाठोक ऐकू आली तर दार उघडून एकट्याने शौर्य दाखवू नका. ११२ फिरवा, वॉचमनला फोन करा आणि मजल्यावरचे सगळे दिवे लावा.

वॉचमन आणि कामाच्या मावशी यांना सांगून जावं का?

वॉचमनला नक्की. त्याला 'लक्ष ठेव हां' एवढंच म्हणून भागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मधे कुणी येणार असेल तर त्याचं नाव, आणि तुमचा गावचा फोन लागत नसेल तर दुसरा नंबर. हे वहीत लिहून द्या. बदली वॉचमन आला तर त्याला ती वहीच वाचायची असते.

मावशींबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर घ्यायची आपल्याला वाईट खोड आहे. कामावर घेताना पोलीस पडताळणी करून घ्या, एकदाच आणि सगळ्यांचीच. आमच्याकडे बारा वर्षं येणाऱ्या मावशींकडे आमच्या घराची चावी असते, आणि गणपतीत झाडांना पाणी त्याच घालतात. फ्लॅट रंगवायला आलेल्या, दोन दिवसांत निघून जाणाऱ्या माणसांसमोर मात्र 'आम्ही पंचमीपर्यंत नाही' असं आपण सहज बोलून जातो.

निघताना गॅस, वीज, पाणी यांचं नेमकं काय बंद करायचं?

सिलिंडर असेल तर रेग्युलेटरचं बटण बंद करा. चार दिवसांहून जास्त जाणार असाल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. ती टोपी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली असते आणि आपण ती तोडून टाकलेली असते. नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की नळी बदलायची, चांगली दिसत असली तरी. पाइप गॅस असेल तर स्वयंपाकघरातल्या व्हॉल्व्हचा दांडा पाइपला आडवा करा.

विजेचा मेन स्विच सरसकट पाडू नका. एका वर्षी मी तो शहाणपणा केला. फ्रीजरमध्ये सोललेली अर्धा किलो कोळंबी होती, हे मला पनवेल ओलांडल्यावर आठवलं. नऊ दिवसांनी दार उघडलं तेव्हा काय झालं ते सांगत नाही, पण मजल्यावरच्या लोकांनी अजून विसरू दिलेलं नाही. बोर्डावरचे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे स्विच, वेगवेगळे असतात. गिझर, एसी, वॉशिंग मशीन, ओव्हन यांचे पाडा. फ्रीज आणि वायफायचा ठेवा, नाहीतर फ्रीज रिकामा करून, पुसून, दार किलकिलं ठेवून बंद करा. कुठला एमसीबी कशाचा हे एका निवांत रविवारी तपासून त्याच्याखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. बोर्डावर 'टेस्ट' बटण असलेला गळतीरोधक स्विच असेल तर ते बटण दाबून तो पडतो की नाही हेही बघा.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. चोरीपेक्षा पाण्याने नुकसान झालेली घरं मी जास्त पाहिली आहेत. तिसऱ्या मजल्यावर फ्लश टँकची नळी फाटली आणि दुसऱ्या मजल्याच्या छतातून पाणी गळायला लागलं. चावी शेजारी होती म्हणून तासाभरात निभावलं. जास्त दिवस जाणार असाल तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, तांब्याभर पाणी ओता. ते आटलं की वास आणि झुरळं दोन्ही वर येतात.

नवरात्रात अखंड दिवा असतो. घर बंद करून जाता येईल का?

तेवत्या दिव्यामागे घर बंद करू नका. समईतली पेटती वात उंदीर ओढून नेतो हे जुनी माणसं उगाच सांगत नसत. तेलकट वात, जवळ वस्त्र, वर लाकडी देव्हारा, एवढं आगीला पुरतं. दिवा शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवणं, घरातल्या एकाने मागे राहणं किंवा बाहेर जाणं पुढे ढकलणं, हे पर्याय लोक करतात. रोजच्या निरांजनालाही हेच लागू. घरातून शेवटी निघणाऱ्याने देवाला नमस्कार करायचा तो ज्योत शांत झालीय हे बघूनच.

घरी गणपती बसवला असेल तर प्रश्नच नाही, कारण गणपती घरात असताना घराला कुलूप लावायचं नाही ही रीत आपसूक राखण करते. तिथे भीती मखराची. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण कपड्याचा पडदा, क्रेप कागद आणि त्यावर रात्रभर गरम होणाऱ्या दिव्यांच्या माळा हेही काही कमी नाही. एकाच सॉकेटला चार माळा जोडू नका, झोपताना माळा बंद करा.

दिवाळीत आम्ही घरीच आहोत. तरी काही करायला हवं का?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गॅलरीतले वाळत टाकलेले कपडे, रद्दी, फर्निचरचे रिकामे खोके आत घ्या आणि गॅलरीचं दार लावा. वाट चुकलेला बाण नेमका अशाच ठिकाणी शिरतो. शेजारचं घर बंद असेल तर त्यांच्या गॅलरीकडेही अधूनमधून नजर टाका. पणत्या खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्याखाली नकोत.

फराळाच्या कढईचं वेगळं सांगते, कारण यात चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही. चकल्या तळताना तेल तापून पेटलं तर त्यावर पाणी कधीही टाकू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल चहूकडे उडवतं. गॅस बंद करा, कढईवर मोठं ताट किंवा परात सरकवून झाका, आणि ते हलवू नका. कढई उचलून मोरीत न्यायचा मोह होतो, तो आवरा.

चोर येऊ नये म्हणून गॅलरीला चहूबाजूंनी लोखंडी पेटी ठोकलेली घरं पाहिली की मला धसका बसतो. आग लागली तर अग्निशमन दलाने तुम्हाला काढायचं कुठून? ग्रिलला आतून उघडणारी एक खिडकी ठेवा आणि तिची किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. सोसायटीतल्या अग्निशमन यंत्रणेची तपासणी करून परवानाधारक एजन्सीचा 'ब' नमुन्यातला दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तुमच्या सेक्रेटरीला तो दाखवायला सांगा. मला विचारलं तर राग येणार नाही. अग्निशमनाचा नंबर १०१.

आम्ही गावी, आई घरी एकटी. तिला काय सांगून ठेवावं?

तीन गोष्टी. रस्त्यात कुणी 'आम्ही पोलीस आहोत, पुढे लुटालूट चाललीय, दागिने काढून पुडीत बांधा' म्हणालं तर तो तोतया. खरे पोलीस कधी बांगड्या काढायला लावत नाहीत. दारात भांडी किंवा दागिने चमकवून देणारा आला तर जाळीचं दार उघडायचं नाही, पितळेचा तांब्यासुद्धा द्यायचा नाही. आणि 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर फोन करायचा नाही, कुणी पाठवलेलं ॲप तर मुळीच घ्यायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार. पहिल्या तासा-दोन तासांत केली तर रक्कम अडवली जायची आशा असते. कागदावर मोठ्या अक्षरांत हे लिहून फोनशेजारी चिकटवा. आईला उपदेश आवडत नाही, कागद ती वाचते.

गावचं घर वर्षभर बंद असतं. ते उघडताना काय बघावं?

हा प्रश्न क्वचित कुणी विचारतं, खरं तर आधी विचारायला हवा. आमचं घर शिमगा, मे आणि गणपती असं तीनदा उघडतं. उजेड असतानाच पोचा. दार उघडून आधी सगळी दारं-खिडक्या सताड उघडा, दहा मिनिटं अंगणात बसा. उंदरांनी वायर कुरतडल्यात का हे पाहिल्याशिवाय मेन स्विच वर करू नका. भिंतीला ओल असेल तर वायरमनला बोलवा. लाकडाच्या ढिगात, कौलांच्या थप्पीत हात घालू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं सर्रास असतं, वीतभराचं, मातीच्या रंगाचं, सहज न दिसणारं. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा मारणं यात वेळ न घालवता, पाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात. १०८ ची रुग्णवाहिका मागवा. तिथे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय ते पाणी पिऊ नका, आणि पहिले काही दिवस उकळूनच प्या.

आम्ही गावी असताना शेजाऱ्यांचा फोन आला, 'तुमचं दार उघडं दिसतंय'. पुढे काय?

त्यांना आत जाऊ देऊ नका. चोर आत असू शकतो. ११२ वर फोन त्यांनीच करावा, कारण ते जागेवर आहेत. पोलीस येईपर्यंत दार, कडी, कपाट कशालाही हात लावायचा नाही. जमलेल्या मंडळींना 'बघू तरी काय काय गेलं' म्हणत आत घुसायची फार हौस असते, आणि ठसेतज्ज्ञ येईपर्यंत घरात वीस जणांचे ठसे उमटलेले असतात.

तुम्ही तिथून एटीएम कार्डं बंद करा, चेकबुक घरात असेल तर बँकेला कळवा. स्कूटरची दुसरी किल्ली घरात टांगलेली होती का आठवा; असेल तर वॉचमनला स्कूटर साखळीने बांधायला सांगा. सोसायटीला रेकॉर्डिंग लगेच वेगळं काढून ठेवायला सांगा.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. गुन्ह्याची माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. हद्दीचं कारण सांगून कुठलंही पोलीस ठाणं नोंद नाकारू शकत नाही, म्हणजे कणकवलीतूनही तक्रार देता येते. पण पंचनामा इथेच होणार, म्हणून घरातलं एक जण मिळेल त्या गाडीने निघा. घरफोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ आणि घरातल्या चोरीला ३०५ लागतं. एफआयआरमध्ये दोन्ही आहेत का पाहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. वस्तूंची यादी घाईत संपवू नका, 'आणखी काही आठवल्यास कळवू' असं त्यात लिहून घ्या. दोन दिवसांनी चांदीचं निरांजन आठवतंच. विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा.

परत आल्यावर पहिलं काय करायचं?

दार उघडून उंबऱ्यातच थांबा आणि वास घ्या. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, लावलेलं असलं तर बंदही करू नका. बटण दाबताना उडणारी एक ठिणगी पुरते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. दोन्ही वेळी दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि जिन्यातून फोन करा: सिलिंडरसाठी १९०६, पाइप गॅससाठी बिलावर छापलेला तातडीचा नंबर. हा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा, कारण बिल आत, स्वयंपाकघराच्या खणात असतं.

वास नसेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून सगळ्या नळांखाली एकदा बघा, मग एकेक एमसीबी वर करा. फ्रीज सगळ्यात शेवटी उघडा, आणि शक्यतो नवऱ्याला उघडायला सांगा. बॅगा सोडायच्या आधी शेजारच्या काकूंकडची चावी परत आणा, जाताना मालवणी खाज्याची पिशवी हातात असू द्या.